काळ्या मातीच्या पाळीत फायबर केबल : ओलावा आणि सरकण कितपत कळते?

प्रश्न असा आहे. इंदूरजवळच्या एका जुन्या तलावाची मातीची पाळ आहे. लांबी ६०० मीटर, सर्वांत जास्त उंची ९ मीटर, भराव सगळा काळ्या मातीचा. बाहेरच्या उतारावर ६० मीटरच्या एका पट्ट्यात पावसाळ्यात माती खाली घसरते आणि पायथ्याशी दोन ठिकाणी ओल कधी जात नाही. एका एजन्सीने ऑप्टिकल फायबर केबल पुरून ओलावा आणि हालचाल दोन्ही सलग मोजून देतो असा प्रस्ताव दिला आहे. पाळीची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या तरुण इंजिनीयरांनी विचारलं आहे की हे खरंच होतं का, केबल कुठे आणि कशी पुरायची, आणि येणाऱ्या आकड्यांवर किती विसंबायचं.

होतं. मात्र काळ्या मातीत केबल आणि माती यांचा स्पर्श वर्षभर सारखा राहत नाही, आणि या कामातलं यशापयश जवळजवळ सगळं तिथेच ठरतं. यंत्र कितीही भारी असो, त्याला कळतं ते केबलच्या आवरणाचं तापमान आणि केबलची लांबी-आखूडपणा. मातीचं काय चाललंय ते त्यावरून आपण काढायचं असतं. नदीकाठच्या पोयट्यात हा हिशोब बराच सरळ असतो. माळव्याच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं फुगणारं खनिज भरलेलं आहे. ते पावसात फुगून केबल आवळून धरतं आणि चैत्र-वैशाखात आकसून तिला सोडून देतं. प्रस्तावात या गोष्टीचा उल्लेख नसेल तर तो दुसऱ्या मातीसाठी लिहिलेला प्रस्ताव आहे असं समजा.

आधी तत्त्व थोडक्यात. काचेच्या तंतूत लेझरची पल्स सोडली की तिचा अगदी थोडा भाग वाटेतल्या प्रत्येक जागेवरून मागे विखुरतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणून विखुरलेला प्रकाश परत यायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. १० नॅनोसेकंदांची पल्स म्हणजे साधारण १ मीटरचा तुकडा. परत आलेल्या प्रकाशाचे तीन प्रकार आपल्या कामाचे. एक रामन विखुरण, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात दाखवलेलं तेच. ते तापमानाने बदलतं. दुसरं ब्रिलुआँ विखुरण, फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन ब्रिलुआँ यांनी १९२२ मध्ये मांडलेलं. ते तापमान आणि ताण दोन्हींनी बदलतं. तिसरं रॅले विखुरण, ज्यावर कंपनं ऐकणारी यंत्रं चालतात. तुमच्या पाळीला पहिली दोन लागतील. तिसऱ्यावर सध्या पैसे घालू नका.

यात ओलावा थेट मोजणारं काहीच नाही, हे लक्षात आलं असेल. ओलावा काढायचा तो तापमानावरून, आणि त्यासाठी केबल तापवावी लागते. कोरड्या फडक्याने गरम पातेलं उचलता येतं आणि ओल्या फडक्याने चटका बसतो, कारण पाणी उष्णता पुढे नेतं आणि कापडात अडकलेली हवा ती अडवते. मातीतही हेच होतं. केबलच्या धातूच्या आवरणातून वीज सोडून दर मीटरला ठरावीक वॅट उष्णता दिली, तर ओल्या मातीत केबल कमी तापते आणि कोरड्या मातीत जास्त.

आकडे मांडून पाहू. मीटरला १० वॅट दिले. मातीची उष्णतावाहकता कोरडसर अवस्थेत ०.५ आणि चांगल्या ओल्या अवस्थेत १.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली. तापवायला सुरुवात केल्यापासून दुसऱ्या ते दहाव्या मिनिटात कोरडसर मातीत तापमान सुमारे २.५६ अंशांनी चढेल, ओल्या मातीत ०.८५ अंशांनी. यंत्राला काही मिनिटांच्या सरासरीने ०.१ अंशाचा फरक कळतो, तेव्हा हा फरक अगदी स्वच्छ दिसतो. आता माती आधीच भरपूर ओली आहे आणि आणखी ओली होऊन वाहकता १.४ वरून १.५ वर गेली असं समजा. चढ ०.९१ वरून ०.८५ वर येतो. ०.०६ अंशाचा फरक, म्हणजे यंत्राच्या थरथरीत बुडून जाणारा.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि माहितीपत्रकांत तो सापडत नाही. तापवलेली केबल कोरड्यापासून मध्यम ओलीपर्यंतचा प्रवास उत्तम दाखवते. उतार जिथे सुटतो ती अवस्था मात्र पुढची असते. माती जवळजवळ भरलेली असते आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढत असतो. तिथे केबल आंधळी होते. पाणी कुठल्या दिवशी किती खोल पोचलं ते केबल सांगेल. त्या पाण्याचा दाब किती, हे पिझोमीटरच सांगेल. म्हणून त्या ६० मीटरच्या पट्ट्यात निदान तीन पिझोमीटर, पाळीवर एक पर्जन्यमापक आणि घसरणीच्या मध्यावर एक इन्क्लिनोमीटर, म्हणजे जमीन किती खोलीवर किती सरकली ते मोजणारं साधन, एवढं आधी पक्कं करा. फायबर घेण्यासाठी यांतलं काही गाळायला कोणी सांगत असेल तर ऐकू नका. एका जागी दाब आणि हालचाल खरी माहीत असली, की फायबर तीच गोष्ट उरलेल्या पट्ट्यावर पसरून दाखवतो.

आता स्पर्शाचं. ५ मिलिमीटर जाडीच्या केबलभोवती माती आकसून सगळीकडून १ मिलिमीटर हवेची फट राहिली असं धरा. हवेची उष्णतावाहकता ०.०२५ च्या आसपास, म्हणजे मातीच्या वीस-साठ पटींनी कमी. मीटरला १० वॅटने एवढी फटच एकटी वीसेक अंशांची भर घालते. अगदी वाळलेल्या मातीतही दहा मिनिटांत केबल दहाएक अंशच चढते. म्हणजे आलेख म्हणेल माती ठणठणीत कोरडी, आणि दोन बोटांवर हात घातला तर माती दमट लागेल. प्रत्यक्षात फट गोलभर नसते, एका बाजूला केबल टेकलेलीच असते, म्हणून चूक एवढी मोठी नसते. तितकी मोठी नसल्यामुळेच ती ओळखू येत नाही आणि आलेखात मुकाट मिसळून जाते. ओळखायची खूण पहिल्या दोन मिनिटांत असते. स्पर्श सुटलेली केबल सुरुवातीलाच उसळी मारते आणि मग चढ मंदावतो. चांगली चिकटलेली केबल, वेळ लॉगॅरिथमच्या पट्टीवर मांडली तर, सरळ रेषेत चढत जाते. प्रत्येक मीटरचा हा वक्र पाहिलाच पाहिजे. ज्या मीटरचा वक्र बिघडलेला आहे त्याचा ओलावा काढू नका. त्या जागी भेग किंवा पोकळी आहे एवढी नोंद करा. ती नोंदही मोलाची आहे, कारण मृगाचा पहिला जोरदार पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो.

केबल पुरायची कधी, तर दिवाळीनंतर जमीन वाफशावर येते तेव्हा. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीत पुरली तर चर भरलेली माती पावसात वेडीवाकडी फुगते. श्रावणात पुरली तर चिखल भरला जातो आणि उन्हाळ्यात तो केबलपासून सुटतो. वाफशावरची माती दोन्हीच्या मधली असते, पुढे ती फुगेल तितकीच आकसेलही. शेतकऱ्याची परीक्षा इथे पुरते. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की फुटावा, आणि हाताला राड लागू नये.

चर अरुंद घ्या, १५ सेंटिमीटरहून रुंद नको. तळ हाताने साफ करा, दगडगोटे काढा. केबल नागमोडी न टाकता हलक्या ताणात सरळ ठेवा, आणि वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या वीस पटींहून कमी होऊ देऊ नका. खणलेल्या मातीची ढेकळं फोडून ती १० मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. पहिला थर चार बोटं जाड, बोटांनी केबलच्या दोन्ही कडांना दाबत भरायचा. इथे मजूर घाई करतात. वरून माती लोटली की केबलच्या खालच्या बाजूला त्रिकोणी पोकळी राहते आणि ती पुढची सगळी वर्षं रीडिंगमध्ये बोलत राहते. मग धुम्मसने हलके ठोके, आठ-दहा सेंटिमीटरचा एकेक थर करत वरपर्यंत. हे चालू असताना केबलच्या टोकाला ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश कुठे गळतो ते दाखवणारं यंत्र, लावून एक माणूस बसलेला हवा. कुठे केबल चेपली गेली तर स्क्रीनवर लगेच खड्डा दिसतो आणि तेवढाच भाग उघडून नीट करता येतो. चर बुजून वर गवताचे थर लावल्यावर हीच चूक शोधायला अख्खा उतार उकरावा लागतो.

काही जण केबलभोवती वाळू भरायला सुचवतात, स्पर्श चांगला राहतो म्हणून. स्पर्श राहतो हे खरं आहे. पण पाळीच्या उतारावर वाळूने भरलेला चर म्हणजे पाण्याला दिलेली तयार वाट, आणि मोजला जाईल तो वाळूचा ओलावा. पायथ्याच्या निचरा थरात वाळू आधीच आहे तिथे केबल खुशाल वाळूत जाऊ द्या. उतारावर जी माती निघाली तीच परत गेली पाहिजे. आणि पाळीच्या पोटातून, तलावाच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे जाणारा आडवा चर कुठल्याही कारणाने खणू देऊ नका. पाझर मोजण्यासाठी पाझराची वाट करून ठेवण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

एक काम हमखास राहून जातं. यंत्र सांगतं फायबरमधलं अंतर, आणि आपल्याला हवी असते जमिनीवरची जागा. ढिल्या नळीतला फायबर केबलपेक्षा थोडा लांब असतो, जोडपेट्यांमध्ये वेटोळी असतात, कोपऱ्यांवर केबल जास्त जाते. माती भरण्याआधी दर दहा मीटरच्या खुंटीपाशी केबलवर बर्फाची पिशवी दोन-तीन मिनिटं दाबून धरा. आलेखात ज्या मीटरला खड्डा पडेल तो त्या खुंटीसमोर लिहून ठेवा. हा तक्ता नसेल तर ऑगस्टमध्ये मीटर ३४२ ला काही दिसलं तरी नेमकं कुठे धावायचं ते कोणाला सांगता येणार नाही.

तुमच्या पाळीसाठी मी आखणी अशी करीन. घसरणाऱ्या ६० मीटर पट्ट्यात पाळीला समांतर दोन ओळी, एक ३० सेंटिमीटर खोल, दुसरी ८० सेंटिमीटर. या दोन्ही तापवायच्या. मिळून १२० मीटर केबल, मीटरला १० वॅट म्हणजे १,२०० वॅट, लहान जनरेटरवर निघणारं काम. आवरणाचा रोध मीटरला ०.०५ ओहम असेल तर एकूण ६ ओहम, सुमारे १४ अँपिअर आणि ८५ व्होल्ट. सगळीच्या सगळी ६०० मीटर पाळ एका सर्किटवर तापवायची म्हटली तर तेवढ्याच अँपिअरला ४२० व्होल्टच्या वर जावं लागेल. ओल्या उतारावर, जिथे गुरं चरतात आणि पोरं खेळतात, तिथे हे मला मान्य नाही. १२० मीटरलासुद्धा विलग ट्रान्सफॉर्मर आणि गळती ओळखून बंद होणारा स्विच हवा, आणि तापवताना माणूस जागेवर हवा.

दोन खोलींचा फायदा पहिल्या मोठ्या पावसात कळतो. माती अखंड असेल तर ३० सेंटिमीटरची ओळ आधी बदलते आणि ८० ची काही दिवसांनी. भेगाळलेल्या जागी क्रम उलटा येतो. पाणी भेगेतून सरळ खाली उतरतं, खालची ओळ काही तासांत ओली दाखवते, आणि वरच्या ओळीभोवतीची ढेकळं अजून कोरडीच असतात. माळव्यात हा उलटा क्रम मी पाहिलेला आहे आणि ज्या पट्ट्यात तो दिसतो त्यावर पुढे नजर ठेवायलाच हवी. पाणी वरून खाली सावकाश मुरतं हे पाठ्यपुस्तकातलं चित्र मनात धरून बसलेला माणूस अशा वेळी खालचा सेन्सर बिघडला असं समजून रीडिंग टाकून देतो.

आकड्यांना अर्थ यायचा असेल तर तुमच्याच मातीवर तक्ता बसवावा लागेल. केबलपासून हातभर अंतरावर, त्याच खोलीवरून, वेगवेगळ्या ऋतूंत मातीचे नमुने घ्या. १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून ओलावा काढा आणि त्या दिवसाच्या केबलच्या चढासमोर मांडा. कुठल्या तरी परदेशी वाळूवर बसवलेलं समीकरण सॉफ्टवेअरमध्ये भरून दिलं जातं, ते चालवून घेऊ नका. नमुना घेतलेली भोकं लगेच त्याच मातीने ठासून बुजवा.

हालचालीसाठी वेगळी केबल, घट्ट आवरणाची, ज्यात फायबर आवरणाला पक्का चिकटलेला असतो. ती उताराच्या दिशेने वरून खाली टाका. तुमच्या उताराची लांबी वीसेक मीटर असेल. पट्ट्यात दर दहा मीटरवर एक ओळ, खोली एक मीटर, आणि वरचं टोक माथ्यावरच्या अपेक्षित भेगेच्या पलीकडे दोन मीटर गेलेलं. घसरण सुरू झाली की माथ्याजवळ केबल ताणली जाते आणि पायथ्याजवळ दाबली जाते. ही ताण-दाबाची जोडी एकाच ओळीत दिसणं म्हणजे खरी सरकण. नुसता ताण किंवा नुसता दाब दिसला तर आधी मातीच्या फुगण्या-आकसण्याचा संशय घ्या. उभ्या चरातून पावसाचं पाणी धावू नये म्हणून दर तीन-चार मीटरवर चिकणमातीचा चांगला ठोकलेला अडसर ठेवा.

इथे दोन आकडे लक्षात असू द्यात. लांबीत दहा लाखांत एक भाग बदल म्हणजे १ मायक्रोस्ट्रेन. १ मीटरमध्ये १ मिलिमीटर भेग उघडली तर सरासरी १,००० मायक्रोस्ट्रेन होतात, आणि ब्रिलुआँ यंत्राला काही दशक मायक्रोस्ट्रेन सहज कळतात. म्हणजे डोळ्याला दिसण्याच्या बऱ्याच आधी केबलला कळतं. दुसरा आकडा उलट बाजूचा. साधा फायबर सुमारे १ टक्का ताणापर्यंत तपासून विकला जातो, म्हणजे मीटरमागे १ सेंटिमीटर. आपल्याकडे उन्हाळ्यात भेगा किती रुंद होतात ते तुम्ही पाहताच. केबल जागोजाग घट्ट धरून ठेवली तर एकाच भेगेत ती तुटेल. अजिबात धरली नाही तर वरच्या थरात मातीचा दाब कमी असल्याने ती आवरणासकट घसरत राहील आणि हालचाल झाली तरी काही दाखवणार नाही. मी मधला मार्ग घेतो. दर दोन मीटरवर चार-पाच सेंटिमीटर व्यासाची चकती केबलला पकडून मातीत ठोकायची. भेगेचा ताण मग दोन मीटरवर वाटला जातो, २ सेंटिमीटरपर्यंत केबल तग धरते, आणि चकतीमुळे माती हलली की केबल हलते. एक मीटर खोली घेतली तीही यासाठीच, कारण भेगा वर रुंद आणि खाली अरुंद असतात.

ताणाच्या केबलशेजारी ढिल्या नळीतला एक फायबर असलाच पाहिजे. ब्रिलुआँला १ अंश तापमान आणि २० मायक्रोस्ट्रेन यांतला फरक कळत नाही. ऋतूबरोबर जमिनीत दहा अंशांचा फेर पडला की २०० मायक्रोस्ट्रेनची खोटी हालचाल तयार होते. ढिला फायबर ताणला जात नाही, तो फक्त तापमान सांगतो, आणि ते वजा करता येतं.

पायथ्याच्या ओलीसाठी काम सोपं आहे आणि एकूण खर्चात सर्वांत जास्त फळ देणारं तेच आहे. अख्ख्या ६०० मीटरभर, पायथ्याच्या निचऱ्याला लागून, एक मीटर खोल तापमानाची एक ओळ टाका. दिवस-रात्रीचा फरक एवढ्या खोलीवर पोचत नाही, वर्षाचा फेर तेवढा पोचतो. तलावाचं पाणी आणि पायथ्याची माती यांची तापमानं बहुतेक वर्ष वेगळी असतात, म्हणून जिथे तलावाचं पाणी वाहत येतं तिथे आलेखात खाच किंवा उंचवटा दिसतो. पौष-माघात तलाव गार असतो आणि एक मीटर खालची माती उबदार, तेव्हा पाझराच्या जागा खाचा होऊन उठून दिसतात. वर्षातून दोनदा ही तापमानं एकमेकांना ओलांडतात आणि त्या आठवड्यांत आलेख सपाट होतो. सपाट आलेख पाहून पाझर थांबला असं लिहू नका. जर्मनीत मातीच्या धरणांचा पाझर या रीतीने १९९० च्या दशकापासून शोधला जातो आहे, तेव्हा पद्धत मुरलेली आहे. तुमच्या दोन ओल्या जागा नेमक्या तलावाच्या पाण्याच्या आहेत की शेजारच्या शेतातून येणाऱ्या पाण्याच्या, हे एका हिवाळ्यात कळेल. उत्तरावर पुढची दुरुस्ती अवलंबून आहे, म्हणून मी पहिल्या वर्षी फक्त ही ओळ आणि पिझोमीटर एवढंच घालायलाही तयार होईन.

पाझराबद्दल आपल्या भागात आता जो तो जागा झाला आहे, त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. ११ ऑगस्ट २०२२ ला धार जिल्ह्यात कोठीदा इथे कारम नदीवरच्या बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणातून पाणी फुटू लागलं. धार आणि खरगोन जिल्ह्यांतली १८ गावं रिकामी करावी लागली आणि बाजूने चर खोदून पाणी सोडून द्यावं लागलं. तुमची पाळ त्यामानाने लहान आहे. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना आणि काही अटींसह १० ते १५ मीटरच्या धरणांना लागू होतो, ९ मीटरची पाळ त्यात बसत नाही. पण तिच्याखाली वस्ती असेल तर कायद्यात न बसल्याने तिथल्या माणसांचा धोका कमी होत नाही. उलट कोणी विचारणारं नाही, म्हणून तुम्हालाच जास्त काटेकोर राहावं लागेल.

इशाऱ्याच्या मर्यादेबद्दल विचारलं आहे. पहिलं वर्ष, म्हणजे मृगापासून पुढच्या वैशाखापर्यंत, फायबरवर कुठलाही आपोआप वाजणारा भोंगा लावू नका. त्या वर्षात मातीचा स्वतःचा श्वास नोंदवायचा आहे, कुठला मीटर किती फुगतो आणि किती आकसतो तो. त्या काळात राखण करायची ती पिझोमीटर, पर्जन्यमापक आणि रोज पाळीवरून चालणारा माणूस यांनी. दुसऱ्या वर्षापासून मर्यादा ठरवा, त्याही एकूण स्ट्रेनच्या आकड्यावर ठरवू नका. मागच्या वर्षी त्याच पंधरवड्यात त्याच मीटरला जे होतं त्यापासून फरक किती, आणि तो वाचनागणिक वाढतोय का, हे पाहा. शेजारच्या दोन ओळींत एकाच उंचीवर ताण वाढतोय, खालच्या टोकाला दाब येतोय आणि पिझोमीटरही चढतोय असं एकत्र दिसलं तर रात्र असली तरी माणसं पाठवा.

यंत्र विकत घ्यावं की भाड्याने, यावर माझं मत स्पष्ट आहे. केबल स्वस्त असते, वाचणारं यंत्र महाग. तापमानाचं यंत्र पावसाळ्याचे चार महिने, आणि पायथ्याचा पाझर पाहायला पौष-माघात, जागेवर राहू द्या. ब्रिलुआँ यंत्र भाड्याने आणून एकदा वैशाखात, पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एकदा दिवाळीनंतर वाचा. एवढ्या पाळीसाठी ते कायमचं विकत घेणं मला पटत नाही. वाचलेले पैसे उतारावर लावा. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा सुमारे एक मीटर थर घालण्याची रीत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अभ्यासाने सिद्ध केली, आणि काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरासाठी भारतीय मानकातही ती आली आहे. त्या ६० मीटर पट्ट्याची खरी दुरुस्ती बहुधा तीच ठरेल, सोबत पायथ्याचा चांगला निचरा. हा थर घालायचं आधीच ठरलं असेल तर केबल त्याच कामात, थराखाली पुरून घ्या. वेगळा चर वाचतो, आणि थराखाली मातीचा ओलावा वर्षभर बराच स्थिर राहिल्याने स्पर्शही टिकतो.

रस्त्याकडेने गेलेल्या टेलिफोन कंपनीच्या फायबरवर हे काम भागेल का, असंही शेवटी विचारलं आहे. नाही. ती केबल प्लॅस्टिकच्या पाइपात मोकळी पडलेली असते, भोवती हवा. ओलावाही कळत नाही आणि ताणही पोचत नाही.

एजन्सीशी करार करताना चार गोष्टी लेखी घ्या. दर मीटरची कच्ची नोंद, म्हणजे तापवण्याच्या काळातला मिनिटामिनिटाचा आलेख, तुमच्या ताब्यात राहील, नुसता रंगीत नकाशा चालणार नाही. बर्फाने काढलेला खुंटी आणि मीटरचा तक्ता छापून मिळेल. तापमान यंत्र प्रत्येक वेळी बर्फाच्या आणि कोमट पाण्याच्या बादलीत ठेवलेल्या दहाएक मीटरच्या वेटोळ्यांवर ताडून पाहिलं जाईल. आणि केबल दोन्ही टोकांनी वर काढलेली असेल. घूस किंवा उंदराने मधे कुठे कुरतडली तरी दोन्ही बाजूंनी वाचता येतं आणि फक्त तुटलेला मीटर जातो. घुशी पाळीवर असतातच, म्हणून केबल पोलादी जाळीच्या आवरणाची घ्या, आणि जोडपेटी जमिनीत न पुरता माथ्यावर सिमेंटच्या चौथऱ्यावर, पुराच्या पाण्याच्या वर बसवा.